राजाभाऊंच्या गाडीतली शेगडी

ओळखतो म्हणजे? अहो श्रीपतराव, ही गाडी वळणापलीकडे असली ना, तरी नुसत्या आवाजावरून सांगेन मी. एकदा ओळखलीच होती — पाच वर्षं झाली त्याला, पौष महिना, बुधवार. दिवस अगदी साधा हो. सकाळी दोन ट्यूबा जोडल्या, मग देवरुखच्या, उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा गिअरबॉक्स खोलून ह्याच फळीवर मांडला, दुपारी पेज जेवलो, वर सुकटीची चटणी — चटणीत मीठ जास्त झालं होतं, कारण ती माझी मीच केलेली. तीन वाजले असतील. आणि वर मारुतीच्या देवळाकडून उतारावर आवाज आला. हाच. हिचा तिसरा सिलिंडर खोकल्यासारखा करतो ना, तो. मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? की अरे, प्लग साफ करायला हवा. आणि मग हातातला पाना खाली ठेवला मी. कारण ती गाडी पहाटे मिरजेला गेलेली, माझी राही होती तिच्यात — बायको माझी — आणि मिरजेला गेलेली गाडी त्याच दिवशी तीनला रत्नागिरीत परत कशी येईल? नाही येणार. आली तर एकाच कारणानं येईल. तार नको, माणूस नको, निरोप नको. मी माझ्या हातानं लावून दिलेल्या इंजिनानंच मला सांगितलं.

असो. तुम्ही बसा. त्या खोक्यावर बसा, तेलकट नाही ते. शेगडी कोमट येते म्हणता. कोमट! अहो, कोकणात शेगडीची मोटार घेऊन फिरणारे तुम्ही, तुम्हाला कोमट तरी कशाला हवी? इथं माणूस माघात अंगावरचं पांघरूण लाथेनं उडवतो आणि ह्यांना पायाशी शेगडी. तुमची आंब्याची कलमं पावसला, बिऱ्हाड इथं, मोटार देवळापासून बंदरापर्यंत जाते नि येते — त्यात गारठा लागतो कुठं? महाबळेश्वरच्या कुठल्या गोऱ्या साहेबानं विलायतेहून मागवलेली गाडी ही, त्याच्या मडमेचे पाय गार पडायचे म्हणून. तो गेला मायदेशी आणि गाडी उतरली खाली कोकणात. हिचं काय चुकलं म्हणा. — नाही, हसा तुम्ही, मी हसवायलाच… काय? कोण आजारी?

हेमा? तुमची हेमा? ती केवढीशी… एकोणीस. हो, होणारच, दिवस काय थांबतात. मग? खोकला कधीपासून? — ताप रोज चढतो? संध्याकाळचा. बरं. डॉक्टर काय म्हणाले? नका सांगू, मीच सांगतो. म्हणाले मिरजेच्या इस्पितळात न्या, लवकर न्या, आणि वाटेत घाटात गारठा लागू देऊ नका. हेच ना? शब्दाला शब्द. मला कसं कळलं… डॉक्टरांकडे दोनच वाक्यं असतात श्रीपतराव, एक न्यायचं आणि एक जपायचं, आणि दोन्ही एका वेळी कशी करायची ते तुम्ही बघा. उद्या पहाटे निघायचंय? उद्याच? मग आधी नाही का आणायची गाडी, चार दिवस आधी, आठ दिवस आधी — नाही, खरं आहे. आधी कुणाला ठाऊक असतं. रागावलो नाही मी. मला तरी आधी कुठं ठाऊक होतं.

बघू. हँडल मारतो, जरा बाजूला व्हा. — हां, लागली. आता तापू दे. असं आहे बघा, ही शेगडी म्हणजे काही जादू नाही. इंजिनाचा धूर बाहेर नेणारी ही नळी, ही तापते, हात लावाल तर कातडी निघेल. तिच्याभोवती हे पत्र्याचं जाकीट. पुढचा पंखा वारा ढकलतो, तो वारा नळी आणि जाकीट यांच्यामधून जाताना तापतो आणि तुमच्या पायाखालच्या फळीत ती पितळी जाळी आहे ना, तिच्यातून वर येतो. मधे एक झापड. झापडेला तार, तारेला समोरची ही मूठ. मूठ नुसती ओढायची की झापड उघडली, सोडली की मिटली. शाळेतलं पोर बनवील. म्हणून बिघडायला जागा चारच. पंख्याचा पट्टा ढिला असेल — ढिला नाही, बघा, बोटभर दबतो, एवढा हवाच. जाकिटाच्या तोंडाशी पानं, चिखल अडकला असेल — थोडी धूळ आहे, ही काढली, आणखी काही नाही. तार ताणली असेल — ओढा मूठ. सोडा. ओढा. तार ठीक आहे. आणि नळीलाच भेग असेल तर मात्र शेगडी वापरायचीच नाही, धूर आत चढतो, आतलं माणूस झोपल्या झोपल्या जातं आणि पुढं बसलेल्याला पत्ता नसतो. भेग नाही. काजळी कुठं धरलेली नाही. नळी शाबूत आहे.

मग कोमट का? थांबा हो. सांगतो. सगळं क्रमानं बघावं लागतं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असं नको व्हायला.

ही मूठ बघितलीत, लाकडाची? ही मी केली, शिसवीची. मूळची काळी चकचकीत होती, विलायती. ती राजाभाऊंच्या घरी आहे. राजाभाऊ म्हणजे — तुम्ही चिपळूणच्या वकिलाकडून घेतलीत ना गाडी, त्याच्या आधी राजाभाऊंची. आपले देवळापुढचे, घराला चिऱ्याच्या गडग्याचं कुंपण, दारात सुरंगीचं झाड. भला माणूस. गावात कुणालाही विचारा, भला माणूसच म्हणतील. मी काय सांगतो, भल्या माणसाचा ताप फार, श्रीपतराव. वाईट माणसावर रागावता येतं, दोन शिव्या हासडल्या की जेवण जातं. भल्या माणसाचं काय करायचं? त्याचा चांगुलपणा गळ्याशी येऊन बसतो, गिळवत नाही आणि थुंकवत नाही.

राहीच्या छातीत पाणी झालं होतं. मार्गशीर्षात तापानं धरलं, पौषापर्यंत कुशीवर वळता येईना. ही तुमच्या डॉक्टरांची वाक्यं तेव्हा मला सांगितली गेली. सर्व्हिस मोटारीनं नेणं शक्य नव्हतं — उघड्या बाजू, मेणकापडाचे पडदे, आंब्याचा घाट आणि पौषातली सकाळ. मीच म्हणालो, राजाभाऊंची गाडी बंद टपाची आहे आणि तिच्यात शेगडी आहे. मीच. मोठ्या ऐटीत सांगितलं डॉक्टरांना — शेगडीची गाडी आहे डॉक्टर, काही काळजी नको. ते म्हणाले, उत्तम. राजाभाऊंकडे गेलो तर माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ते उठून कोट शोधायला लागले. म्हणाले, महिपत, गाडी तुझ्या हातची, चालवीन मी. ड्रायव्हर नको, तो घाटात धसमुसळेपणा करतो. मागच्या बाकावर राही आडवी, डोकं माझ्या बहिणीच्या मांडीवर — सोनूबाई, मोठी माझी — पुढं राजाभाऊ. त्यांच्या शेजारची जागा रिकामी.

हो, रिकामी. बघताय काय असं? विचारा ना. सगळ्यांनी विचारून झालंय. देवरुखच्या मोटारीचा गिअरबॉक्स होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रस्त्यावर यायला हवी होती, शब्द दिलेला. सोनूबाई म्हणाली, मेल्या, बायको मोठी की डबडं मोठं? मी म्हटलं, मी येऊन तिथं काय करणार आहे, डॉक्टर आहेत, तुम्ही आहात, मी गुरुवारच्या सर्व्हिसनं येतोच मागून. राही पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. अशा वेळी ती तेच करायची. मी दार लावलं. हेच दार. कडी नीट बसत नव्हती म्हणून दोनदा लावलं.

पुढचं सोनूबाईनं सांगितलेलं. पालीपर्यंत ठीक. साखरप्याला उजाडलं तेव्हा धुकं इतकं, की राजाभाऊ काच पुसत चालवतायत. तिथल्या चहावाल्याकडून कढत पाणी बाटलीत भरून घेतलं, राहीच्या पायाशी ठेवलं. घाट लागला, माथ्यावरच्या आंबा गावाला चढणारा. आता ह्या शेगडीचं असं असतं श्रीपतराव, चढावर इंजिनाला जोर पडतो, तेव्हा नळी लालबुंद तापते, म्हणजे घाट चढताना शेगडी सगळ्यात कडक. उतारावर थंड. जिथं हवी तिथंच मिळते. साहेबानं विचार करून केलेली वस्तू. राजाभाऊंनी मूठ ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. अर्ध्या घाटात बाटलीतलं पाणी निवलं. राहीचे पाय गार पडले. राजाभाऊंनी गाडी थांबवून कोट काढला आणि तिच्या पायांना गुंडाळला, साठीचा माणूस, नुसत्या सदऱ्यावर बसले पुढं. आणि मूठ ओढतायत, ओढतायत. शेवटी मूठ तुटून हातात आली. तेव्हा राही म्हणाली — ही सोनूबाईनं सांगितलेली गोष्ट, ती खोटं बोलत नाही — राही म्हणाली, "राजाभाऊ, राहू दे. घरच्यांच्या हातची गाडी आहे. तापेल हळूहळू."

आंब्याला पोचायच्या आत गेली.

तर ते तसं झालं. राजाभाऊ तिला घेऊन परत आले. इथं, ह्याच जागी गाडी उभी केली. अंगात कोट नाही, ओठ निळे, आणि मुठीत ती काळी मूठ. म्हणाले, "महिपत, मी ओढत होतो रे. माझं कुठं चुकलं? कशी उघडायची असते?" मागं सोनूबाई राहीचं डोकं धरून बसलेली, आणि हा माणूस मला विचारतोय कशी उघडायची असते. मी सांगितलं. मूठ आधी आत दाबायची, मग ओढायची. नुसती ओढली की झापड जास्तच घट्ट बसते. तुम्ही नुसती ओढत राहिलात. — झालं. चूक होते माणसाची. अनाडी हातात यंत्र दिलं की असं होतं. मोटार घेतात, तिचं पुस्तक कोण वाचतो? गाव म्हणालं, महिपत मिस्त्रीचं मन मोठं, राजाभाऊंना एका शब्दानं बोलला नाही. खरंच नाही बोललो. बोलायची गरजच काय होती, त्या माणसानं पंधरा दिवसांत गाडी विकली, येईल त्या भावाला. त्या दिवसापासून मोटारीत बसलेले नाहीत. चिपळूणला लेकीकडे जायचं तर बैलगाडी जुंपतात. आता गुडघे गेलेत तरी —

काय म्हणालात?

मघाशी? मघाशी मी तुम्हाला काय सांगितलं… नुसती ओढायची म्हणालो. हो. म्हणालो असेन.

तुम्ही कलमांचे मालक. बागेत कुठल्या फांदीला कुठं कीड लागलीय ते उभ्या उभ्या दिसत असेल तुम्हाला. बरोबर आहे तुमचं. नुसती ओढायचीच असते. आत दाबायचं वगैरे काही नसतं तिच्यात. तार आहे ती, तिला कसलं आत आणि कसलं बाहेर.

इंजिन बंद करतो. उठा जरा, आतली चटई काढू दे. ही पायाखालची फळी उचलावी लागेल. गेला तासभर मी पट्टा काय बघतोय, धूळ काय झाडतोय, तार काय ओढतोय — तुमच्या डोळ्यादेखत नाटक चाललंय. काखेत कळसा नि गावाला वळसा. ह्या शेगडीला काय झालंय ते तुम्ही आत पाऊल टाकलंत, कोमट म्हणालात, तेव्हाच मला ठाऊक होतं. चार स्क्रू आहेत. गंजलेत. थोडं रॉकेल सोडतो. — ह्या स्क्रूंना पाच वर्षांत कुणी हात लावलेला नाही, खाच बघा, माझ्याच पेचकसाची आहे.

त्या वर्षी वैशाखात राजाभाऊ आले, म्हणाले महिपत, पाय भाजतात रे, ही शेगडी मिटतच नाही. झापडेची स्प्रिंग गेली होती. स्प्रिंग मुंबईहून मागवायची, महिना जाणार. मी म्हटलं, मी करतो बंदोबस्त. नारळाची सोडणं पडली होती मागं. त्यांचा काथ्या काढला, चिखलात कालवला, जाकिटातून वर येणाऱ्या ह्या मार्गात ठासून भरला आणि खालून रॉकेलच्या डब्याचा पत्रा वाकवून लावला, आच लागू नये म्हणून. मोठा अभिमान वाटला मला. विलायती शेगडी आणि आपल्या सोडणांनी गप्प केली. राजाभाऊंना काय केलं ते सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, आता चटका बसणार नाही. ते खूश. मनात म्हटलं, दिवाळीला काढू. महिन्यानं स्प्रिंग आली, ती बसवली वरच्या वर, काथ्या तसाच. पावसाळ्यात कोण काढतो. दिवाळीला काढू. दिवाळीला चार मोटारी उभ्या होत्या इथं.

कोकणातच होतं असं. घाटावरचा मिस्त्री विसरला नसता, त्याच्याकडे दर वर्षी थंडी येऊन आठवण करून देते. आम्हाला कोण आठवण करून देणार? इथं शेगडी बंद आहे की चालू, कुणाला कळतंय?

डॉक्टरांना ऐटीत सांगितलं तेव्हा? तेव्हा नाही आठवलं. देवाशपथ नाही. त्या सकाळी आठ वाजता आठवलं. गिअरबॉक्सचं ग्रीस हाताला माखलं होतं, ते पुसायला काथ्याची मूठ उचलली आणि हात तसाच राहिला. तेव्हा गाडी घाटात असणार. काय करणार होतो मी? तुम्ही काय केलं असतंत? तिच्या अंगावर चार गोधड्या आहेत असं स्वतःला सांगितलं आणि हात पुसले. नीट, एकेक बोट. आणि पुन्हा गिअरबॉक्स. मी बरोबर असतो तर साखरप्याला कळलं असतं. चार स्क्रू, एक फळी. दहा मिनिटांचं काम. त्या रिकाम्या जागेवर बसायचं होतं फक्त.

आली फळी. धरा ही. — हे बघा. चिखल वाळून तडकलाय, उंदरांनी थोडा काथ्या पळवलाय घरं करायला, तेवढ्या फटींतून तुमची ती कोमट हवा. उंदरांनी केलं तेवढं. मी तेवढंही केलं नाही. गाडी विकायच्या आधी पंधरा दिवस राजाभाऊंच्या पडवीत उभी होती, केव्हाही जाऊन काढता आला असता. नाही काढला. काढायला बसलो असतो तर बघावा लागला असता ना.

नको, तुम्ही हात लावू नका. मी काढतो. सगळा मीच काढणार.

आणि ते आत दाबून ओढायचं… ते कुठून आलं मला ठाऊक नाही. ते समोर उभे होते, मूठ पुढं करून. विचारलं, कुठं चुकलं. आणि तोंडातून ते निघालं. तयार केलेलं नव्हतं. खोटं बोलायला वेळ लागतो असं म्हणतात ना? नाही लागत. एक क्षण. मला वाटलं, आज सांगू दे हे, उद्या-परवा खरं सांगू, तेराव्यानंतर सांगू. आणि त्यांनी मान हलवली. म्हणाले, "हो का. आधी दाबायची." आणि त्या तुटलेल्या मुठीवर अंगठा दाबून बघितला. आधी दाबायची. एवढंच. मग राहीला उचलायला आम्हाला हात लावला त्यांनी.

नंतर महिन्यानं डॉक्टरांनी मला सांगितलं, शेगडी असती तरी ती मिरजेला पोचली नसती, पाणी फार चढलं होतं, गारठ्यानं घटकाभराचा फरक. मला सांगितलं. मी ऐकून घरी आलो आणि त्या रात्री मला झोप लागली. कळलं का श्रीपतराव? मला झोप लागली. आणि देवळापलीकडे तो माणूस जागा आहे, हे मला ठाऊक होतं. तेवढं तरी जाऊन सांगायचं की नाही — राजाभाऊ, डॉक्टर असं असं म्हणाले. तेही नाही. कारण ते सांगितलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं. आणि लोक मला विचारतात, मिस्त्री, तुम्ही इतके कडू कशानं झालात? बायको गेली म्हणून, असं आपसात म्हणतात. म्हणू देत.

दर पौषात, तिच्या तिथीला, राजाभाऊंकडून एक शाल येते. लोकरीची. माझ्या काशीसाठी — मुलगी माझी, सात वर्षांची होती तेव्हा. चिठ्ठी नाही, काही नाही; गडी येतो, पुडकं ठेवतो, जातो. पाच शाली. ह्या वर्षीची परवाच आली. रत्नागिरीत लोकरीची शाल! पोरगी विचारते, बाबा, ह्या कशाला? मी म्हणतो, ठेव. डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवल्यात. घडी मोडलेली नाही एकीची.

झालं. मोकळा झाला मार्ग. पत्राही काढला. फुंकर मारतो — हां, पलीकडून निघाली. फळी द्या. आता हँडल. — जरा तापू दे. थोडं ॲक्सिलरेटर दाबून धरा, घाट चढतेय असं समजू दे तिला. ओढा मूठ. नुसती ओढा. आता इथं हात धरा, जाळीवर. अहो, धरा तर.

लागलं ना? मग. एवढंच होतं ते.

आता नीट ऐका. ही एवढी कडक झालीय म्हणून काचा घट्ट लावून बसू नका. मागची काच दोन बोटं उघडी. नळीला आज भेग नाही, पण घाटात हादऱ्यानं सुटणार नाही असं मी लिहून देत नाही. धुराचा वास आला की मूठ सोडायची, गाडी थांबवायची. हेमाचं डोकं जाळीपासून लांब, पाय जवळ. साखरप्याला थांबून एकदा सांधा बघा. आणि तुम्ही पुढं बसा. काहीही काम असलं, कलमांवर मोहोर गळत असला तरी. ऐकलंत? पुढची जागा रिकामी जाता कामा नये.

थांबा. ही ट्रंक उघडतो. घ्या. पाचही घ्या. — घ्या म्हणतो ना! डांबराच्या गोळ्यांचा वास येईल, जरा झटका. काशीचं मी बघतो. परत आणायच्या नाहीत. आणल्यात तर हेमाला घेऊन आणा, तिनं स्वतःच्या हातानं द्यायच्या.

पहाटे देवळावरून जाल, तेव्हा राजाभाऊ गडग्याशी फुलं काढत असतील, परडी घेऊन. हा आवाज ऐकला की येतील पुढं. गुडघे धरून, पण येतील. आत कोण आहे बघतील, आणि विचारतील, शेगडी चालते का? चालते म्हणा. ते सांगतील तुम्हाला, मूठ आधी आत दाबा, मग ओढा. सगळ्यांना सांगतात, ज्याच्याकडे मोटार आहे त्या प्रत्येकाला. त्यांच्या मोटारींत शेगडी नसली तरी सांगतात. बरं म्हणा. नाही, वाद नका घालू, नुसतं बरं म्हणा आणि निघा, उशीर करू नका. बाकीचं मी सांगणार आहे त्यांना. माझं काम आहे ते, तुमचं नाही.

आता निघा तुम्ही. उभे काय राहिलात? मला हा काथ्या टाकायचाय, आणि ती तिकडची लॉरी सकाळपासून खोलून पडलीय. कधी सांगणार म्हणून विचारू नका. देवळापलीकडे घर आहे, चालत जायचं म्हटलं तर पान खाऊन होत नाही तोवर येतं. दिवाळीला जाणार होतो.

राजाभाऊंना मी अजून काही सांगितलेलं नाही.